मरणाचं पाठांतर

१

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. रत्नागिरीहून संगमेश्वराकडं जाताना मध्येच एस.टी.तून उतरायचं आणि आत पाऊण तास चालायचं, की आमची वाडी. तिथं एका चिरेबंदी घरात राहायचा हरिश्चंद्र, माझा मुलगा, रत्नागिरीच्या एका कचेरीत कारकून. त्याची बायको प्रभावती, सातवी शिकलेली. आणि मी काशी, हरिश्चंद्राची आई, घरातली एकटी अंगठेबहाद्दर. माझा नवरा महिपत जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. साल चौऱ्याऐंशी, महिना वैशाख.

मला वाचता येत नाही, पण ऐकलंय पुष्कळ. पोथ्या ऐकल्या, कीर्तनं ऐकली, हरिश्चंद्र वाचनालयातून आणायचा ती पुस्तकंही ऐकली. मरण आलं की या लिहिणाऱ्या लोकांची अगदी चंगळ. कुणी त्याला रेड्यावर बसवतो आणि मिशा लावतो. कुणी म्हणतो, ती सखी आहे. कुणी म्हणतो, आई आहे, मांडीवर घेते. एकानं तर मरणाला बाशिंग बांधून नवरदेव केलं होतं. ते ऐकताना मी पिंक टाकायला उठले ती परत बसलेच नाही. अरे, या हातांनी मी चार माणसं पोचवलीत. सासू, नवरा आणि माझी दोन लेकरं. पायांचे अंगठे सुतळीनं बांधलेत. जबडा मिटत नाही म्हणून फडक्यानं आवळलाय. तिथं ना सखी होती ना नवरदेव. खोलीत एक वास होता, आणि बाहेरच्या बायांना चहा कुणी टाकायचा हा घोळ होता. बस, एवढंच.

आणि आता माझाच मुलगा मरणावर नाटक लिहून बसला होता. नाव ‘सावळा पाहुणा’. बाळंतीण होणारी बाई, तिच्या उशाशी मरण येतं, सावळं, देखणं, पांढऱ्या धोतरातलं, आणि असं गोड बोलतं की बाई हसत हसत उठून त्याच्याबरोबर जाते.

दोन वर्षांपूर्वी प्रभावतीचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. तीही जायची ती थोडक्यात वाचली. तेव्हा हा ओटीवर बसून नखं खात होता. तिनं सोसलं आणि यानं त्याची पल्लेदार वाक्यं केली. वर वही सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली तिच्याचकडून! तिला तेव्हा पुन्हा नववा महिना लागला होता. माहेर तिला उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच.

२

मे महिन्यात मुंबईची माणसं वाडीत आली की पूजा होते आणि रात्री मंडळाचं नाटक. सोंगं वाटायची आमची एक रीत आहे. नाटकात जेवढी माणसं तेवढे विडे करायचे, ताटात मांडून देवापुढं ठेवायचे. एकेका सोंगाचं नाव घ्यायचं. ज्याला करायचं त्यानं विडा उचलून तिथंच तोंडात घालायचा. एकदा चघळला की सोंग त्याचं. मग ताप येवो की मुंबईहून तार येवो, सुटका नाही. आणि वहीत लिहिलंय तेवढंच बोलायचं. पदरचा शब्द चालत नाही. गेल्या साली मंडळातल्या दादूनं एक वाक्य वाढवलं, तर हरिश्चंद्रानं चालू तालीम थांबवली होती.

त्या रविवारी सकाळी आमच्या ओटीवर विडे उचलले. भिकूनं नवऱ्याचा उचलला, भागोजीनं डॉक्टरचा, दादूनं बाईचा. शेवटी ताटात एकच राहिला, तो तिघांतल्याच कुणीतरी दुसरं सोंग म्हणून घ्यायचा.

“मरण कोण करणार?” हरिश्चंद्रानं विचारलं.

सगळे छपराची कौलं मोजायला लागले.

“हरीभाऊ, माझी बायको मला घरात घेणार नाही,” भागोजी म्हणाला.

“मी लुगडं नेसतो, मिशी काढतो,” दादू म्हणाला. “आता आणखी काय काढू? पण हे नको.”

“लिवलंस तू, तूच कर की,” भिकू म्हणाला.

“लेखकानं सोंग घ्यायचं नसतं.”

“मग मरणालाच बोलव. त्याला काय शिकवायला नको,” भागोजी म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

हरिश्चंद्राला हसण्याचा राग आला. त्यानं तो विडा केळीच्या पानावर घालून ओटीच्या कडेला ठेवला, पान उडू नये म्हणून टोकावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला, आणि मोठ्यानं म्हणाला, “येऊ दे की. हा ठेवला. ज्याला करायचंय त्यानं उचलावा. दार उघडं आहे.”

मी आतून ओरडले, “उचल तो, मेल्या! असं दार उघडं टाकून कुणाला बोलवत नसतात.”

“आये, तू यात पडू नकोस. हे साहित्य आहे.”

“तुझं साहित्य घाल पेटीत. विडा उचल.”

त्यानं उचलला नाही. मंडळी गेली, तो त्यांच्याबरोबर मांडव बघायला गेला. मी विहिरीवरून दोन कळशा घेऊन आले, एवढाच वेळ. पान होतं. तांब्या होता, काठोकाठ भरलेला, थेंब सांडलेला नाही. विडा नव्हता.

३

मी काही भित्री बाई नाही. मनाशी म्हटलं, कावळ्यानं नेला. मग म्हटलं, कावळा विडा कशाला खाईल? शेळीनं खाल्ला म्हणावं तर तिनं आधी केळीचं पान खाल्लं असतं. भिकूचा चावटपणा असणार. संध्याकाळी तिघांनाही खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभं केलं आणि तोंडं उघडायला लावली.

“काकी, आम्ही काय बैल आहोत दात बघायला?” दादू म्हणाला.

“बैल बरे. आ कर.”

भिकूचे दात पिवळे, भागोजीचे किडके. लाल कुणाचेच नव्हते. सकाळच्या विड्यांचा रंग धुवून, वर चहा ढोसून आले होते मेले. म्हणजे त्यातून काहीच कळलं नाही.

नाटकाची वही ओटीच्या कोनाड्यात असायची. मंगळवारी हरिश्चंद्र कचेरीतून आला, वही उघडली आणि मला हाक मारली.

“आये, पान खाऊन वहीला हात लावलास?”

“मी कशाला लावू? मला त्यातलं काय कळतंय?”

“घरात पान तू एकटीच खातेस. हे बघ.”

पानाच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा लाल ठसा होता. तोंडातली लाळ लावून पान उलटतात, तसा. पुढच्या पानावर आणखी एक, त्याच्या पुढच्यावर आणखी एक. तिथं संपले. बुधवारी आणखी दोन पानं पुढं गेले होते.

मी वही उजेडात धरली. वाचायचं तुम्हाला माहीत, अंगठा मला माहीत. रेशन म्हणू नका, सातबारा म्हणू नका, जन्मभर मी कागदावर अंगठाच उठवत आलेय. प्रत्येकाच्या अंगठ्याला चक्र असतं, रेघा असतात. तलाठी भिंग लावून बघायचा. मी माझा अंगठा त्या ठशाशेजारी पान चावून उठवला. माझ्यात रेघाच रेघा.

त्या ठशात एकही रेघ नव्हती. नुसता गुळगुळीत लाल डाग, चिंचोक्यासारखा.

“शाई असेल,” हरिश्चंद्र म्हणाला.

“शाईला कात-चुन्याचा वास येतो होय रे?”

त्यानं वही मिटली. त्या दिवसापासून ती ट्रंकेत कुलपात ठेवायला लागला. ठसे पुढं सरकायचे थांबले नाहीत.

४

गुरुवारी दुपारी जेवणं झाली. वारा पार पडला होता. प्रभावती माजघरात चटईवर कुशीवर झोपली होती. माजघराच्या भिंतीपलीकडं पडवी.

“आई, पडवीत कोण बसलंय?”

“कोण बसणार? आमसुलं वाळतायत.”

“कुणीतरी पाठ करतंय.”

मी कान दिला. पोरं परीक्षेआधी पाढे घोकतात ना, तसं. खालच्या पट्टीत, सपाट. थोडं पुढं जायचं, अडायचं, पुन्हा पहिल्यापासून. शब्द कळत नव्हते, पण अडायची जागा दरवेळी तीच.

भिंतीत गांधीलमाशीनं घर केलं असेल म्हणून मी केरसुणी घेऊन पडवीत गेले. सुपात आमसुलं, कोपऱ्यात जुना बाक, त्यावर ऊन. माणूस नव्हतं. पुटपुटणं मात्र होतं. ते आता भिंतीच्या दुसऱ्या बाजूनं येत होतं. माजघरातून. जिथं प्रभावती एकटी निजली होती.

मी किती धावले ते या गुडघ्यांना विचारा. आत आले तर ती तशीच पडलेली, डोळे उघडे, आणि आवाज पुन्हा पडवीतून.

“प्रभे, तू बोलत होतीस?”

“नाही हो. तुम्हाला शब्द लागत नाहीत, मला लागतात. मीच उतरवून काढलंय ना.” आणि तिनं मला ते म्हणून दाखवलं, अगदी हळू:

“दमलीस ना गं? ठेव तो भार माझ्या हाती. उंबऱ्यापलीकडं ऊन नाही, पाऊस नाही...” ती थांबली. “इथं अडतो. काल ‘भार’वर अडत होता.”

“काल? तू कालही ऐकलंस?”

“सोमवारपासून ऐकतेय. पहिल्या दिवशी त्याला ‘दमलीस’सुद्धा येत नव्हतं.”

“आणि हे संपतं कशानं?”

“‘ऊठ’ म्हणतो. मग ती उठते. पडदा पडतो.”

भिंतीपलीकडं पुन्हा सुरू झालं. ऐकून मला भीतीच्या आधी तिटकारा आला, खोटं कशाला सांगू. एवढं जग खाल्लंस मेल्या, कुणी दोन शब्द लिहून दिले तर पाठ होत नाहीत तुला? भीती त्याच्या मागोमाग आली. त्याला सगळं पाठ झालं की तो आत येणार, एवढं कळायला शाळा लागत नाही.

५

शनिवारी हरिश्चंद्र अर्ध्या दिवसानं घरी आला. मी त्याला चप्पलही काढू दिली नाही. हाताला धरून माजघरात आणला आणि भिंतीशी बसवला.

“ऐक.”

त्यानं ऐकलं. तोंडावरचा रंग उतरत गेला. ‘पाऊस नाही’ आलं, आणि त्या दिवशी अडलं नाही. पुढं गेलं: “या घराला तुझी सवय आहे, गरज नाही.” मग अडलं.

हरिश्चंद्र थरथरत होता. आणि तसाच थरथरत मला म्हणाला, “आये, ‘सवय’वर कसा थांबला बघ. भिकूला सात जन्मात जमलं नसतं.”

मी त्याच्या कानफटात मारली. बत्तीस वर्षांच्या माणसाच्या. बायको चटईवर नऊ महिन्यांची, भिंतीआड काय बसलंय ते याला कळतंय, आणि याला आपलं वाक्य गोड लागतंय! लिहिणारी जात ही अशी. दुसऱ्याच्या चितेच्या उजेडात आपलं अक्षर बरं दिसतंय का बघतील.

“वही चुलीत घाल,” मी म्हटलं.

प्रभावतीच म्हणाली, “आई, जाळून काय होणार? त्याला जवळजवळ पाठ झालंय. वही गेली तरी त्याच्या तोंडात राहीलच.”

“विडा खाल्लाय त्यानं,” हरिश्चंद्र म्हणाला. आता रडवेला झाला होता. “आपणच म्हटलं, उचल म्हणून. सोंग त्याचं झालं.”

“आपण नाही म्हटलं. तू म्हटलंस.”

शेवटी ठरलं, की सोमवारी जीप सांगायची आणि प्रभावतीला रत्नागिरीजवळ भाट्याला माझ्या भाचीकडं पोचवायचं. तिथून दवाखाना जवळ. अजून पंधरा दिवस होते. त्याला शेवटची दोन वाक्यं यायची होती.

६

रविवारी भर बारा वाजता तिच्या कळा सुरू झाल्या. पंधरा दिवस आधीच.

दादू जीप आणायला धावला, भागोजीनं जाईबाईला आणली. जाईबाई आमची सुईण, अर्धी वाडी तिच्या हातची. ती आली, लुगडं खोचलं, हात धुतले, आणि पहिलं काय म्हणाली तर, “ओटीवर कोण पुटपुटतंय गो? बाप्यांना खळ्यात घालव. बाईच्या कानाशी कटकट नको.”

ओटीवर कुणी नव्हतं. हरिश्चंद्र माझ्याशेजारी माजघराच्या दारात उभा होता. आणि आवाज आता भिंतीआडून येत नव्हता. ओटीवरून येत होता, उंबऱ्याच्या त्या बाजूनं, हातभर लांबून. सपाट नव्हता राहिला. गोड झाला होता, हरिश्चंद्रानं लिहिला होता तसा.

“तिकडं तुझी वाट पाहणारं कुणी नाही, म्हणून उशीर झाल्याचं भयही नाही.”

मग तो थांबला. एक शब्द उरला होता, आणि त्याला तो येत होता. त्याच्या थांबण्यातच ते कळत होतं. पण त्यानं म्हटला नाही. घसा खाकरला. पट्टीचा नट रंगीत तालमीआधी खाकरतो तसा. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडता.

“आडवं आलंय,” जाईबाई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. “काशे, हिचे डोळे बघ. ही भलतीकडंच बघतेय.”

प्रभावती दाराकडं बघत होती. आमच्यामधून, पलीकडं.

तेव्हा मला सुचलं. कुठल्या पोथीत नाही सापडलं. तालमी ऐकून ऐकून सुचलं.

“हऱ्या, सोंग त्याचं, पण बोलणं कुणाचं?”

“माझं.”

“वहीत नाही ते बोलता येतं?”

“नाही.”

“मग काढून घे. एकेक वाक्य काढून घे त्याच्या तोंडातून. वही आण!”

ट्रंकेचं कुलूप त्याच्यानं निघेना, ते मी काढलं. तो उंबऱ्यावर बसला, मांडीवर वही, हातात बॉलपेन. बाहेरून सुरू झालं, “दमलीस ना गं?” आणि हरिश्चंद्रानं रेघ मारली. पुढचा आवाज आला तो ‘भार’पासून. त्यानं तेही खोडलं. ‘उंबऱ्यापलीकडं’ असं सुरू होऊन ओठ आपटल्याचा नुसता आवाज झाला. ऊन गेलं, पाऊस गेला. बाहेर कुणीतरी तोंडात काहीच नसताना चावत राहिल्यासारखं व्हायला लागलं.

मग पेन थांबलं.

“खोड!”

“आये, हे एवढं... ‘सवय आहे, गरज नाही’. हे एक राहू दे. असं वाक्य पुन्हा...”

“या घराला तुझी सवय आहे,” ओटीवरून आलं. इतकं मऊ, की मलासुद्धा क्षणभर बसावंसं वाटलं.

आणि मागं प्रभावती कोपरावर उठली. कळा देणारी बाई अशी उठत नाही. पाहुण्यांसमोर बसलेली बाई पदर सावरून उठते तशी उठली, आणि कुणाला तरी आर्जवानं म्हणाली, “हो, उठते हं.”

“धर तिला!” जाईबाई किंचाळली.

हरिश्चंद्रानं वळून बायकोकडं पाहिलं. बहुतेक दोन वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं असेल. मग त्यानं असा ओरखडा मारला की कागद फाटला आणि पेन खालच्या पानात घुसलं. ‘गरज’ गेली. ‘वाट’ गेली, ‘भय’ गेलं. शेवटचा एक शब्द राहिला. तो खोडताना माझा मुलगा हुंदके देऊन रडत होता, आणि नाटकासाठी रडत नव्हता.

ओटीवर शांत झालं.

७

मी बाहेर गेले. जाईबाई ‘जाऊ नको’ म्हणत होती, पण मला बघायचंच होतं. चार वेळा माझ्या घरी येऊन गेलेला, आणि एकदाही मी त्याचं तोंड बघितलं नव्हतं.

खळ्यात ऊन असं की डोळे मिटावेत. बेड्याकडं, कुंपणाच्या फाटकाकडं, कुणीतरी चाललं होतं, पाठमोरं. रेडा नव्हता. पांढरं धोतर नव्हतं. मी धरून चालले होते त्यापेक्षा ते पुष्कळ ठेंगणं होतं. खांदे पडलेले, चालणं जरा फेंगडं; बाजारात उभं राहिलं तर कुणी त्याच्याकडं वळूनही बघणार नाही, असं. आणि याच्यासाठी म्हणे रेडे, आणि सख्या, आणि बाशिंगं!

“ए!” मी म्हटलं. “तुझं काम काढलंय या नाटकातलं. पुन्हा तालमीला येऊ नकोस.”

ते थांबलं. अर्धं वळलं. बाहीनं तोंड पुसलं. बाही लाल झाली. चेहरा मी पाहिला असं म्हणणार नाही. ऊन डोळ्यांवर होतं, आणि जिथं बघायला हवं तिथं नजर टिकेना. ओठ तेवढे पाहिले. ते हलत होते. आवाज नव्हता, शब्द नव्हता, पण हलत होते, हलतच होते.

मी दार लावून घेतलं. कडी दोनदा ओढून बघितली, तेही सांगून टाकते.

त्यानंतर जाईबाईनं पोटावरून हात फिरवून मूल वळवलं, कसं ते तिलाच ठाऊक. जीप बेड्यात येऊन हॉर्न वाजवायला लागली, तेव्हा पोरगी झाली. काळीसावळी, नाक बसकं, आणि घसा असा की ड्रायव्हर बाहेरून म्हणाला, “मी आता जाऊ काय?” प्रभावती घामानं निथळत होती. तिनं पहिलं मला विचारलं, “आई, भूक लागलीय हो. पेज आहे का?” मी चुलीशी गेले आणि तिथंच रडून घेतलं, पेजेत मीठ घालायच्या निमित्तानं.

पोरीचं नाव ठेवलं गोदा. त्या साली मंडळाचं नाटक झालं, पण त्यात मरण आलंच नाही. बाई बाळंत होते, नवरा पेज करतो, करपवतो, पडदा. मुंबईकर म्हणाले, यात काय नाटक आहे? नसू दे. पुढच्या साली हरिश्चंद्र कचेरीत कायम झाला. त्याच्या पुढच्या साली गोदेच्या पाठीवर मुलगा झाला, तोही धडधाकट. आता दोघं मिळून दिवसभर असा कालवा करतात की या घरात कुणाला काही घोकून पाठ करायची सोय उरलेली नाही.

आमच्या घरी आलं ते सुख तुमच्याही घरी येवो, आणि येताना चांगलं बोंबलत येवो.